येऊरचा हिरवा, आजींचा गेरू

दिवाळीच्या सुट्टीत भाची डोंबिवलीहून आमच्याकडे ठाण्याला राहायला आली. नववीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ‘ए’ ग्रेड मिळालेली, त्यामुळे बॅगेत कपडे कमी आणि ब्रश जास्त. वसुबारशीच्या दिवशी चकलीची भाजणी सासूबाईंवर सोपवून आम्ही दोघी सकाळी साडेसहालाच चित्रं काढायला निघालो. उपवनपर्यंत रिक्षा, तिथून पुढे येऊरचा चढ पायी.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. बिबट्यांचं घर आहे ते. रस्ता सोडून झाडीत शिरायचं नाही आणि उन्हं कलायच्या आत खाली उतरायचं, हे मी भाचीला घरीच बजावलं होतं.

जलरंगांचं सामान मी मोजकंच नेते. बारा हाफ पॅनचा, म्हणजे रंगाच्या छोट्या वड्यांचा, पत्र्याचा डबा, आठ नंबरचा गोल ब्रश, टूबी पेन्सिल, मास्किंग टेप, जुन्या सुती साडीचा तुकडा. पैसे वाचवायचे तर रंगांवर वाचवावेत, कागदावर नाही. साध्या ड्रॉइंग पेपरला पाणी लागलं की तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद लहान तुकडे करून घेतला तर परवडतो. शिवाय एक रिकामी बाटली लागतेच, ब्रश धुतलेलं पाणी घरी परत आणायला. कॅडमियम, कोबाल्टचे रंग विषारी असतात. ते ओढ्यात धुणारी माणसं दिसली की मी थांबून सांगते, कोणाला आवडो न आवडो.

चढावरच्या एका वळणावर शहर उघडं पडतं. खाली उपवन तलावाचं पाणी, मग इमारतींची दाटी, पलीकडे पारसिकची रांग. सूर्य समोरच असल्यामुळे डोंगर सपाट निळा दिसत होता. आम्ही कठड्याशी बसलो. भाचीने आकाश झकास ओलं करून घेतलं, अल्ट्रामरीन निळा सोडला आणि लगेच डोंगराला हात घातला. निळा आकाशात पसरला, कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी उठली. तिचे डोळे भरून आले. मी तिला बोटाची मागची बाजू कागदाला लावायला सांगितली. कागद गार लागला तर वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, तेव्हा थांबायचं. सावलीत, दमट हवेत हे थांबणं दहा-पंधरा मिनिटांचंही होतं. तेवढ्या वेळात आम्ही डब्यातल्या शंकरपाळ्या संपवल्या. दुसऱ्या कागदावर तिचा पारसिक आकाशाला धक्का न लावता उभा राहिला.

पुढे झाडीचा रस्ता लागला आणि खरी अडचण सुरू झाली. डब्यात तयार सॅप ग्रीन होता, आणि तो येऊरला कुठेच बसेना. दिवाळीच्या सुमाराला इथला हिरवा एक राहत नाही. गवत पिवळं पडायला लागलेलं, सागाची पानं किडीने खाऊन जाळीदार झालेली, त्यांच्यामागे आंब्याचा काळपट हिरवा. यंदा, २०२४च्या पावसाळ्यात, इथली कारवीची झुडपं फुलली होती. त्याआधी कारवी २०१६ला फुलली. आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. आता उतारावर तिचे राखाडी-तपकिरी झुडपांचे पट्टे दिसत होते.

मी सॅप ग्रीनच्या पॅनवर टेप लावून टाकली आणि भाचीला म्हटलं, आज हिरवा आपण करायचा. अल्ट्रामरीन, लेमन यलो आणि चिमूटभर तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना. जवळच्या पानांना पिवळा जास्त, लांबच्या झाडांना निळा जास्त, सुकणाऱ्या गवताला सिएना जास्त. तासाभरात तिने एका कागदावर सतरा हिरव्या चौकटी भरल्या आणि प्रत्येकीखाली झाडाचं नाव लिहिलं. ज्यांची नावं येईनात तिथे पानाचा आकार काढला. मला त्या दिवसाचं सगळ्यात आवडलेलं पान तेच.

परतताना एका पाड्याजवळ टेकलो. घरं आता बरीचशी सिमेंटची झालीत, पण एका घराची पडवी अजून कुडाची होती, कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपलेली. मी भिंतीला पाठ लावणार, तोच आतून आवाज आला, “टेकू नको बाय, ओली हाय.”

आजी बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत लाल. वाघबारशीसाठी भिंत सारवून गेरू दिला होता. आपण ज्या दिवशी गाय-वासराला पुजतो, त्या दिवशी पाड्यांवर वाघोबाला पुजतात. चित्र काढू का विचारलं, तर त्यांनी आम्हाला बसायला गोणपाट दिलं.

भाची भिंतीसाठी रंग शोधू लागली. तांबडा फार भडक, तपकिरी फार मेलेला. शेवटी बर्न्ट सिएना नुसता पाण्यात सोडला आणि तो ओल्या भिंतीशी तंतोतंत जुळला. “मावशी, हा तोच आहे!” ती ओरडलीच. खरंच तोच. गेरू काय आणि सिएनाची भाजलेली माती काय, दोन्हींचा लालपणा लोहाच्या ऑक्साइडचा.

आजींनी चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग भाचीने कोऱ्या सोडलेल्या दारावर बोट ठेवून विचारलं, “हितं रंग नाय दिला?” दारावर ऊन पडलं होतं. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरा, तो आधीपासून राखावा लागतो, असं भाचीने समजावलं. आजी म्हणाल्या, “आमी पांढरा शेवटाला देतो. तांदळाचा.”

निघताना त्यांनी भाचीच्या हातावर गेरूचं ढेकूळ ठेवलं.

घरी आल्यावर चकल्या तळायच्या सोडून आम्ही ते खलात कुटलं, फडक्यातून दोनदा चाळलं, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटलं आणि मधाचे दोन थेंब घालून रिकाम्या पॅनमध्ये भरलं. चौथ्या दिवशी त्याला तडे गेले. मध कमी पडला होता. अर्धं ढेकूळ शिल्लक आहे. भाऊबीज उरकली की भाची पुन्हा घोटायला बसणार आहे, या वेळी पाच थेंब घालून.