जुना रेडियल आर्म सॉ घ्यावा का? (गॅरेज अपडेट ४)

मंडळी, वर्कबेंच होऊन दीड महिना झाला, आता पुस्तकांची दोन कपाटं करायला घेतलीयेत. बाजूच्या फळ्या १ बाय १२ च्या, म्हणजे प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद, आणि प्रत्येक फळीत शेल्फ बसवायला सहा आडव्या खाचा, म्हणजे एकूण २४. राउटरने (खाचा पाडायचं हातातलं यंत्र) होतं हे, पण दर खाचेला गाइड लावा, गुण्या लावून बघा, क्लॅम्प आवळा, आणि एवढं करून समोरासमोरच्या दोन खाचा केसभर इकडेतिकडे झाल्या की शेल्फ तिरकं. स्लायडिंग मायटर सॉ फळी कापेल पण त्यावर डेडो ब्लेड, म्हणजे अशी रुंद खाच पाडणारं जाड पातं, चढत नाही. म्हणून गेले तीन आठवडे डोक्यात एकच विषय, जुना रेडियल आर्म सॉ.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी, पुण्यात असताना मीही कधी बघितला नव्हता. मागे एक जाड लोखंडी खांब, त्यावर आडवा हात, हाताखाली मोटर टांगलेली आणि पातं थेट मोटरच्या शाफ्टवर. लाकूड जागेवर राहतं आणि करवत तुमच्याकडे ओढायची. हे यंत्र इथलंच, न्यू जर्सीचं! रेमंड डीवॉल्ट ब्रिजटनच्या लाकूड मिलमध्ये कामाला होता, तिथे १९२० च्या दशकात त्याने हे बनवलं, पेटंट मिळालं १९२५ ला. आपल्या पिवळ्या ड्रिलवर जे नाव असतं ते याच माणसाचं. ब्रिजटन माझ्या घरापासून दीड तासावर आहे हे कळल्यावर मला खरंच भारी वाटलं.

पहिला बघितला तो क्राफ्ट्समन ब्रँडचा, १० इंची पात्याचा, ७५ डॉलर. मॉडेल नंबर ११३ ने सुरू होणारा. तुम्ही असा बघायला जाणार असाल तर हे आधी वाचा. १९५८ ते १९९२ मधल्या अशा जवळजवळ ३७ लाख सॉंचा २००० साली रिकॉल झाला होता, कारण मूळ गार्ड पात्याच्या फक्त वरच्या भागावर होतं. कंपनी नवीन गार्डचं किट फुकट देत होती, आणि ज्या मॉडेलला ते बसत नव्हतं त्यांची मोटरसकट कॅरेज, म्हणजे हाताखाली सरकणारा भाग, परत घेऊन १०० डॉलर. त्यामुळे कुठे कुठे नुसता खांब आणि हात विकायला असतो, फोटोत मोटर आहे ना ते नीट बघा. मी बघितलेल्याला किट लावलेलं नव्हतं, आणि माझी मुलगी सात वर्षांची आहे, गॅरेजमध्ये सारखी येते. सोडून दिला. स्विचची पिवळी चावी काढून ठेवता येते ही सोय मात्र मला फार आवडली, जो घेईन त्याला तसंच काहीतरी लावणार हे तेव्हाच ठरवलं.

दुसरा परवा शनिवारी बघितला. डीवॉल्ट, एमबीएफ मॉडेल, ९ इंची, १९५० च्या दशकातला, हात ओतीव लोखंडाचा. साउथ जर्सीत एका आजींकडे, त्यांचे यजमान सुतारकाम करायचे, ते गेल्यापासून यंत्र झाकून ठेवलेलं. १५० सांगत होत्या. मी बरोबर गुण्या, डायल इंडिकेटर (अगदी बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन), पान्यांचा सेट आणि एक मित्र घेऊन गेलो होतो.

टेबल पार फुगलेलं होतं, त्याकडे मी बघितलंच नाही, टेबल आणि फेन्स (लाकूड टेकवायची मागची उभी पट्टी) या यंत्रात खर्चायच्याच वस्तू आहेत, एमडीएफचा तुकडा आणून नवीन करायचं. खरा प्रश्न एकच, हात ९० वर लॉक केला की तो तिथेच राहतो का. लॉक केला, टोकाला धरून डावीउजवीकडे ढकललं, आणि इंडिकेटरचा काटा चांगला १/३२ इंच हलला. मन खट्टू झालं, कारण एवढ्या खेळात २४ खाचा सोडा, दोन सारख्या येणार नाहीत. मग मित्र म्हणाला की हलतंय कुठे ते तरी बघ, तर हात खांबावर घट्ट होता, खांबच खाली बेसमध्ये किंचित फिरत होता. आजींना विचारून बेसचे बोल्ट थोडे थोडे आवळले, दर वेळी क्रँक फिरवून खांब वरखाली सहज होतोय ना बघत. दहा मिनिटांत काटा जवळजवळ थांबला. पुन्हा ४५ वर नेऊन ९० वर आणला, चार वेळा, तिथेच आला. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

बाकीचं पटापट. कॅरेज हाताखाली टोकापासून टोकापर्यंत फिरवली, कुठे खड्डा लागला नाही, चारही बेअरिंग फिरतायत. मोटर लगेच सुरू झाली पण बारीक शिट्टी आहे, बेअरिंग बदलावे लागतील. वायरचं रबर तडकलंय, ती बदलल्याशिवाय घरी प्लग लावणार नाही. टेप लावून बघितलं तर पाऊण इंची फळी १४ इंचांपर्यंत कापली जाईल, मला सव्वाअकरा पुरे.

भीतीबद्दलही सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पातं ज्या दिशेने फिरतं त्यामुळे लाकूड फेन्सवर दाबलं जातं, पण तेच पातं स्वतः तुमच्या अंगावर चढत यायला बघतं, विशेषतः जाड ओल्या लाकडात. म्हणून साधं टेबल सॉचं पातं लावायचंच नाही, दात मागे झुकलेलं निगेटिव्ह हुकचं घ्यायचं, ओढणारा हात ताठ आणि दुसरा हात पात्याच्या रेषेपासून लांब. उभं चिरायचं काम मी यावर करणार नाही, ते छोट्या टेबल सॉवर. डेडो एका दमात नाही, दोनतीन पासमध्ये.

पुण्याला परत गेलात तर नेणार का, असं एकाने विचारलं होतं. नाही नेणार. नेमप्लेटवर ११५/२३० व्होल्ट आहे पण ६० हर्ट्झ, आपल्या ५० हर्ट्झवर मोटर सावकाश फिरेल आणि तापेल. हे इथलंच यंत्र आहे, इथेच कुणाला तरी देऊन जाईन.

आजींना बेअरिंग आणि वायरचं मोकळेपणाने सांगितलं, १२० ला ठरलं. यजमानांनी हाताने लिहिलेला सेटिंगचा कागद त्यांनी ड्रॉवरमधून काढून दिला, तो मी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. मोटर आणि हात वेगळे काढून दोघांनी दोन खेपांत गाडीत चढवलं, बेस मागच्या सीटवर जुन्या गोधडीवर. बेअरिंगची ऑर्डर रविवारी रात्रीच टाकली.