कर दुसऱ्याने भरायचा असूनही लोक ‘नाही’ का म्हणतात?

८ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे एक प्रश्न ठेवण्यात आला होता आणि त्याचे उत्तर काय येईल याविषयी माझ्या मनात तेव्हा फारशी शंका नव्हती. वर्षाला २० लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या त्या वरच्या उत्पन्नावर पावणेदोन टक्के जादा कर लावावा आणि जमा होणारा पैसा विजेवर चालणाऱ्या गाड्यांची अनुदाने, चार्जिंग केंद्रे आणि वणवे रोखण्याची यंत्रणा यांवर खर्च करावा, असा तो ‘प्रस्ताव ३०’ होता. ज्या राज्यात वणव्यांच्या धुराने आकाश नारिंगी झालेले लोकांनी दोनच वर्षांपूर्वी पाहिले होते, जिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व निर्विवाद आहे आणि जिथे हा कर भरणारी माणसे एकूण मतदारांत मूठभरच असणार, तिथे असा प्रस्ताव सहज मंजूर होईल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सुमारे ५८ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

सुरुवातीला मी या निकालाचे स्पष्टीकरण सोयीस्करपणे केले, की धनिकांनी जाहिरातींवर पैसा ओतला आणि लोकांची दिशाभूल झाली. पुढे तपशील वाचत गेलो तेव्हा हे स्पष्टीकरण टिकेना, कारण प्रस्तावाच्या बाजूनेही पैशाची कमतरता नव्हती आणि त्यातला मोठा वाटा एकाच कंपनीचा होता. ॲपवरून टॅक्सीसेवा पुरवणाऱ्या लिफ्ट या कंपनीने प्रचारासाठी कोट्यवधी डॉलर दिले होते. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार अशा कंपन्यांच्या गाड्यांनी कापलेल्या अंतरापैकी ९० टक्के अंतर २०३० पर्यंत विजेच्या गाड्यांनी कापलेले असले पाहिजे, म्हणजे चालकांच्या गाड्या बदलण्याचा खर्च कोणीतरी उचलणे भागच होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशी शंका मतदाराला आली असेल तर त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार मला तरी उरत नाही. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नेमकी हीच शंका दूरचित्रवाणीवरील जाहिरातीतून बोलून दाखवली. २०३५ नंतर पेट्रोलच्या नव्या गाड्यांची विक्री बंद करण्याचा आदेश ज्यांनी काढला होता, तेच गव्हर्नर या प्रस्तावाच्या विरोधात उभे राहिले, त्यांचा स्वतःचा पक्ष मात्र प्रस्तावाच्या बाजूने होता, आणि शिक्षकांची मोठी संघटना विरोधात गेली, कारण या कराचा पैसा शाळांना मिळणाऱ्या घटनात्मक वाट्याला वळसा घालून जाणार होता.

न्यूसम यांचा आणखी एक आक्षेप होता, जो प्रचाराच्या गदारोळात मागे पडला, पण मला तो सर्वांत गंभीर वाटतो. कॅलिफोर्नियाचा उत्पन्नकर आधीच वरच्या एक टक्का लोकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे आणि त्या लोकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेअरबाजारातल्या नफ्यातून येतो. बाजार चढला की राज्याची तिजोरी ओसंडते आणि बाजार कोसळला की तीच तिजोरी खडखडाट करते. २००१ आणि २००८ नंतरच्या मंदीत राज्याने हा अनुभव घेतला आहे. आता स्वच्छ ऊर्जेच्या खर्चाचे स्वरूप पाहा. कोळशाच्या किंवा वायूच्या वीजकेंद्रात इंधनाचा खर्च वर्षानुवर्षे थोडा थोडा होत राहतो, तर सौर आणि पवन प्रकल्पांत इंधन फुकट असल्यामुळे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि म्हणूनच व्याजाचा दर, कर्ज मिळण्याची खात्री आणि धोरणाचे सातत्य या गोष्टी सूर्यप्रकाशाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. वीजवाहिन्या उभारायला दहा-दहा वर्षे लागतात आणि त्या पुढे कित्येक दशके चालतात. अशा कामाचा पाया सर्वांत चंचल उत्पन्नावर घालणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न श्रीमंतांची बाजू न घेताही विचारता येतो, आणि तो विचारला की आपल्याला लगेच धनदांडग्यांचे वकील ठरवले जाते, याचा अनुभव मी माझ्याच मित्रमंडळींत घेतला आहे.

पैसा कोणाकडून घ्यायचा यावर जितके बोलले जाते, त्याच्या निम्मेही तो कोणाकडे जातो यावर बोलले जात नाही. बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ सेव्हरिन बोरेन्स्टीन आणि लुकास डेव्हिस यांनी अमेरिकेतील स्वच्छ ऊर्जेच्या करसवलतींचा हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की उत्पन्नाच्या उतरंडीत सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातील कुटुंबांनी या सवलतींचा सुमारे ६० टक्के लाभ घेतला, आणि विजेच्या गाड्यांच्या सवलतीत तर हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. यात कोणाचा कट नव्हता. करसवलत घेण्यासाठी आधी भरण्याजोगा कर असावा लागतो, छतावर पॅनेल बसवण्यासाठी आधी छत स्वतःच्या मालकीचे असावे लागते, आणि नवी गाडी घेणाराच नव्या गाडीवरचे अनुदान घेऊ शकतो. भाड्याच्या घरात राहून जुनी गाडी चालवणाऱ्या माणसाला या योजनेत ना देण्याचे ओझे असते ना घेण्याचा आनंद. अतिश्रीमंताच्या खिशातून पैसा निघाला आणि सुखवस्तूच्या अंगणात पोहोचला, एवढेच त्याला दिसते. प्रस्ताव ३० मध्ये अनुदानांचा काही भाग अल्प उत्पन्न गटांसाठी राखून ठेवला होता, हे नोंदवणे न्याय्य होईल, पण इतक्या वर्षांच्या अनुभवातून तयार झालेला संशय एका कलमाने फिटत नाही.

फ्रान्समध्ये हाच हिशेब उलट बाजूने मांडला गेला आणि त्याची किंमत सरकारने रस्त्यावर मोजली. तिथे इंधनावरील कार्बन कर २०१४ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ७ युरोपासून सुरू होऊन २०१८ मध्ये ४४.६० युरोपर्यंत गेला होता आणि १ जानेवारी २०१९ पासून डिझेल लिटरमागे साडेसहा सेंटने महाग होणार होते. त्याच २०१८ मध्ये इमान्युएल मॅक्रॉन यांच्या सरकारने जुना संपत्तीकर रद्द करून त्याच्या जागी केवळ स्थावर मालमत्तेवरचा कर आणला होता. कागदावर या दोन निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण गावाबाहेर राहून रोज गाडीने कामावर जाणाऱ्याने तो लगेच जोडला. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी पिवळी जाकिटे घातलेले लोक चौकाचौकांत उतरले, डिसेंबरात इंधन करवाढ मागे घेण्यात आली, आणि कार्बन कर तेव्हापासून ४४.६० युरोवरच थांबलेला आहे. पुढे सरकारने चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १५० नागरिकांची हवामान परिषद भरवली. त्या परिषदेने मोठ्या लाभांशावर ४ टक्के कर लावून पर्यावरणाच्या कामाला पैसा उभा करावा असे सुचवले, आणि अध्यक्षांनी नाकारलेल्या मोजक्या तीन शिफारशींत नेमकी ती एक होती. सर्वसामान्यांना विचारून घेतलेले उत्तर गैरसोयीचे निघाल्यावर ते बाजूला ठेवायचे, हा प्रकार मला मूळ करवाढीपेक्षाही अधिक आक्षेपार्ह वाटतो.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, की मग सामान्यांवर नको, श्रीमंतांवरच कर लावा आणि तो थेट हवामानासाठी राखून ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये हेच मतदारांना विचारून झाले. तेथील समाजवादी पक्षाच्या युवक शाखेने पाच कोटी फ्रँकच्या वरच्या वारशावर आणि बक्षीसपत्रावर ५० टक्के कर लावून तो पैसा हवामानासाठी वापरण्याचा प्रस्ताव मांडला. काही उद्योगपतींनी मतदानाच्या कितीतरी आधीच देश सोडण्याची भाषा सुरू केली. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी ७८ टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला. स्विस मतदार हवामानाबाबत उदासीन आहेत असे मात्र म्हणता येत नाही. २०२१ मध्ये त्यांनी इंधन आणि विमान तिकिटांवर आकारणी वाढवणारा कायदा अगदी थोड्या फरकाने फेटाळला होता, आणि दोनच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा कायदा ५९ टक्के मतांनी मंजूर केला. या दुसऱ्या कायद्यात नवा कर नव्हता. तेल आणि वायूवर चालणारी जुनी हीटिंग यंत्रे बदलण्यासाठी दहा वर्षांत दोन अब्ज फ्रँक, आणि उद्योगांसाठी आणखी काही रक्कम, सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून देण्याची तरतूद होती. थोडक्यात, त्याच मतदाराने सामान्यांवरची आकारणी नाकारली, धनिकांवरचा कर नाकारला आणि तिजोरीतून होणारा खर्च स्वीकारला.

याचा एक अर्थ असा काढता येईल, की लोकांना खर्च हवा असतो आणि बिल नको असते. तो अगदीच खोटा नाही, पण आळशी आहे. माझे मत आता असे झाले आहे, की श्रीमंतांवरील कर आणि स्वच्छ ऊर्जा या दोन मागण्या एकाच दोरीत बांधल्या की त्यांचे समर्थक एकत्र येतीलच असे नाही, पण त्यांचे विरोधक हमखास एकत्र येतात. विषमतेची चीड असलेल्याला गाड्यांच्या अनुदानात रस नसतो, हवामानाची काळजी असलेल्या उद्योजकाला कराचा राग असतो, आणि दोघांपैकी कोणतीही एक बाजू न पटणे हे ‘नाही’ म्हणायला पुरेसे ठरते. शिवाय कराला ‘हा पैसा अमुकसाठीच’ अशी चिठ्ठी चिकटवली की श्रीमंतांनी आपला वाटा का द्यावा, या न्यायाच्या प्रश्नावरची चर्चा अनुदानाच्या कलमांवर घसरते.

या मताला छेद देणारे उदाहरणही आहे आणि ते लपवणे बरे नव्हे. ज्या दिवशी कॅलिफोर्नियाने प्रस्ताव ३० नाकारला त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्सने दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर चार टक्के जादा कर सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर केला, आणि त्या पैशालाही चिठ्ठी होतीच: शिक्षण आणि वाहतूक. फरक मला एवढाच दिसतो, की शाळा, रस्ता आणि रेल्वे यांचा उपयोग कोणाला होतो हे समजावून सांगावे लागत नाही, आणि त्या पैशाकडे आशेने पाहणारी एखादी कंपनी प्रचाराच्या अग्रभागी उभी नव्हती. तेव्हा दोष केवळ चिठ्ठीचा नसून चिठ्ठीवर कोणाचे नाव वाचले जाते याचाही आहे, एवढी दुरुस्ती मी माझ्या मतात करून ठेवली आहे.

वॉशिंग्टन राज्याचा अनुभव या सगळ्यात मला सर्वांत विचार करायला लावतो. तेथील मतदारांनी कार्बनवर आकारणी लावण्याचे प्रस्ताव २०१६ आणि २०१८ असे दोनदा फेटाळले होते. मग २०२१ मध्ये विधिमंडळानेच दोन स्वतंत्र कायदे केले: एकाने मोठ्या प्रदूषकांना उत्सर्जनाचे परवाने विकत घेणे भाग पाडले, आणि दुसऱ्याने अडीच लाख डॉलरहून अधिक भांडवली नफ्यावर ७ टक्के कर लावून तो पैसा शिक्षण आणि बालसंगोपनाकडे वळवला. पेट्रोल महागले, तक्रारी झाल्या, आणि दोन्ही कायदे रद्द करण्याची मागणी ५ नोव्हेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवर आली, तीही एकाच गटाच्या पुढाकाराने, पण दोन वेगळ्या प्रश्नांच्या रूपात. भांडवली नफ्यावरील कर कायम ठेवण्याच्या बाजूने सुमारे ६४ टक्के मते पडली आणि प्रदूषणावरील आकारणी कायम ठेवण्याच्या बाजूने सुमारे ६२ टक्के. नवे काही स्वीकारण्यापेक्षा असलेले टिकवणे सोपे असते हे त्यामागचे एक कारण असणारच; तोवर त्या पैशातून चालणारी बालवाडी आणि धावणारी बस लोकांच्या नजरेसमोर होती, हे दुसरे.