आधी सोडा, मग दुरुस्त करा

अर्धवट सॉफ्टवेअर लोकांच्या हातात देण्याला माझा सरसकट विरोध नाही. २००७ चा पहिला आयफोन कॉपी-पेस्टशिवायच आला, ती सोय २००९ मध्ये मिळाली. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्तीत तर स्क्रीनवरचा कीबोर्डच नव्हता. नसलेलं माणूस चालवून घेतो हो. चालू असलेलं मोडलं की मात्र डोकं फिरतं.

आज सांगली मार्केट यार्डात तेच झालं. हळदीचा सौदा ऐन रंगात आणि काकांचा फोन रात्रीच्या अपडेटनंतर स्पीकरवरच अडकलेला. पलीकडच्या पार्टीचा भाव अख्ख्या गाळ्यानं ऐकला! काका म्हणाले, "पुरतं झालं नव्हतं तर सोडलं कशाला रं?"

बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, शेकडो मॉडेल्सवर, लाखो हातांत गेल्यावरच सापडतात, हे त्यांना त्या क्षणी कोण सांगणार? २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ या अपडेटनं आयफोन ६ चं नेटवर्कच घालवलं, त्याच दिवशी मागे घ्यावं लागलं. म्हणून आता बऱ्याच कंपन्या अपडेट आधी थोड्यांना देतात, मग सगळ्यांना.

घरच्यांचे मोठे अपडेट मी आठवडाभर थांबवतो. सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे छोटे अपडेट, मात्र लगेच. आणि सौद्याच्या आदल्या रात्री काहीच नाही.