वाशातलं बिऱ्हाड

सकाळी झाडलेल्या पडवीत दुपारी पिवळसर भुश्शाची चिमूटभर रास दिसली, की वर वाशाकडे बघावं. करंगळी जाईल एवढं, गिरमिटाने पाडल्यासारखं गोल भोक आणि आतून बारीक करकर. सुतारभुंग्याचं काम चालू आहे. तो वाळवीसारखा लाकूड खात नाही, नुसतं कोरतो. भोक पेरभर सरळ आत जातं, मग वळून लाकडाच्या रेषेने लांबतं. रेषा आडवी तोडण्यापेक्षा ते सोपं.

सुतारकी सगळी मादीची. बोगद्याच्या टोकाला पराग आणि मध कालवून गोळा ठेवायचा, त्यावर एकच अंडं, तांदळाच्या दाण्याहून मोठं. मग भुस्सा लाळेत भिजवून पडदी, की पुढची खोली.

सुतारभुंग्यांच्या ‘झायलोकोपा’ प्रजातीत जगभर पाचशेच्या आसपास जाती. आपल्याकडचा दांडगा तो लॅटिपेस: इंचाहून मोठा, काळाकुट्ट, उन्हात पंख निळे-हिरवे. प्युबेसेन्सचं जोडपं तर वेगवेगळ्या जातींचं वाटावं. मादी काळी, पिवळ्या छातीची. नर अंगभर पिवळसर.

तोंडासमोर घोंघावत माणसाला घाबरवतो तो नर, आणि त्याला नांगीच नसते. खडा भिरकावला तर त्याच्याही मागे धावेल. नांगी मादीला, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

भोकात रॉकेल ओतणं हा आळशी उपाय. बिऱ्हाड आत असताना भोक बुजवलं, तर आतले दुसरीकडून वाट कोरतात. येणं-जाणं पूर्ण थांबू द्यावं, रात्री टॉर्च मारून खात्री करावी, मग लाकडी खुंटी ठोकून लांबी (पुट्टी) भरावी आणि ऑइलपेंट मारावा. रिकामं भोक तसंच सोडलं तर पुढची पिढी तेच वाढवते. रंगवलेल्या लाकडाच्या वाटेला ते फारसे जात नाहीत. बागेत त्यांना जागा द्यायचीच असेल तर एका टोकाला पेर बंद असलेले, वीतभर लांबीचे बांबूचे तुकडे छपराखाली आडवे बांधावेत.

कोरडं लाकूड भेदणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो, हा दृष्टांत रचणाऱ्यांनी वासा नीट पाहिला होता. कळीबद्दल शंका आहे. फुलाची नळी लांब असली आणि जीभ पोचली नाही, तर हा गडी सरळ बुडाशी चीर पाडून मध चोरतो. पॅशनफ्रूटच्या फुलात मात्र चोरीची गरज पडत नाही. तिथे मधमाशी परागकोशांना न शिवता खालून निघून जाते, याची रुंद पाठ घासते आणि फळ धरतं.