३०० ओळींच्या लॉगमधली ३००वी ओळ

तक्रार अशी होती: जॉब (सर्व्हरवर आपोआप चालणारं काम) फेल झालेला दिसतो, पण लॉगची, म्हणजे त्या कामाच्या नोंदींच्या फाइलची, शेवटची ओळ, म्हणजे नेमकं कारण, स्क्रीनवर येत नाही. सर्व्हरवर फाइल उघडली तर ओळ जागच्या जागी. त्यातून हे क्वचितच व्हायचं.

खरा लॉग बाजूला ठेवला आणि १ ते ३०० आकडे ओळीला एक असे लिहून फाइल केली. प्रत्येक ओळ आपला नंबर स्वतःच सांगते. स्क्रीन लॉग पेजेसमध्ये दाखवते, एका पेजला १०० ओळी. पहिल्यावर १ ते १००. दुसऱ्यावर १०० ते १९९. तिसऱ्यावर २०० ते २९९. शंभरावी ओळ दोनदा, तीनशेवी गायब. २५० ओळींची फाइल दिली तर शेवटची ओळ शाबूत! ओळी २००, ३०० अशा भरल्या तरच ती हरवत होती.

कोडमध्ये सुरुवात = (पेज − १) × १०० आणि शेवट = सुरुवात + १००. हा शून्यापासून मोजायचा हिशोब. फाइल एकेक ओळ करत वाचणारं लूप मात्र ओळी १ पासून मोजत होतं, तेही दोन्ही टोकं धरून. पहिल्या पेजला ० ते १०० मागितलं जाई. शून्य नंबरची ओळच नसल्यानं उत्तर योगायोगानं बरोबर. पुढच्या पेजेसना १०१ ओळी. त्या जास्तीच्या ओळीवर कुणीतरी स्क्रीनच्या कोडमध्ये कात्री लावून ठेवली होती: शंभरानंतरचं टाकून द्या. बग लपला, शेवटची ओळ गेली.

आधी मी शेवटातून १ वजा करून पाहिला. पहिलं पेज ९९ ओळींचं झालं आणि ३०० तरीही नाहीच. चूक सुरुवातीच्या टोकाला होती. लूपमध्ये ओळीचा नंबर सुरुवातीशी ताडून पाहणाऱ्या अटीतलं ‘मोठा किंवा समान’ काढून नुसतं ‘मोठा’ केलं, आणि ती कात्रीही काढली.

टेस्टला ०, १, ९९, १००, १०१, २००, २०१ ओळींच्या फाइल्स घेतल्या. सगळी पेजेस जोडून मूळ फाइलशी डिफ केला, म्हणजे ओळीला ओळ लावून ताडून पाहिलं. फरक शून्य हवा.

२०१ला तरी एकदा फरक आलाच. त्या फाइलच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची अदृश्य खूण) नव्हती, आणि एकूण ओळी न्यूलाइन मोजूनच काढल्या जात होत्या: २००, म्हणजे दोनच पेजेस. मधेच मेलेला प्रोसेस अशीच अर्धवट ओळ मागे ठेवू शकतो. शेवटचा बाइट न्यूलाइन नसेल तर एक ओळ जास्त धरायची, अशी भर घातली.