विज्ञान इंग्रजीतूनच का नाही शिकवत, बाई?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. मुलांना शाळेत सोडायला येणारे पालक विचारतात, तपासणीला येणारे विचारतात, शहरात शिकवणाऱ्या मैत्रिणी तर हटकून विचारतात. "इंग्रजी तुम्हीच शिकवता, विज्ञानही तुम्हीच. मग विज्ञान इंग्रजीतूनच उरका की! एका दगडात दोन पक्षी."

मारून पाहिलाय तो दगड. तिसरी-चौथीचा वर्ग एकाच खोलीत, आणि मी अख्खं वर्ष विज्ञान इंग्रजीतून शिकवलं. वर्षाअखेरीस एका मुलीनं फळ्यावर फोटोसिंथेसिसचं स्पेलिंग लिहिलं. चौदा अक्षरं, एकही चूक नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग सहज विचारलं, "म्हणजे काय गं?"

"झाडाचा फोटो काढतात ते."

तिचं अर्धं बरोबर होतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं. ग्रीक भाषेत त्या 'फोटो'चा अर्थ प्रकाशच. कॅमेऱ्याचा फोटोही त्यावरूनच आला. पण वर्गात मी घाईघाईनं शेजारी मराठी शब्द लिहिला, प्रकाशसंश्लेषण, आणि उजेड पडेल म्हणून मुलांकडे पाहिलं. वर्ग आणखीच गप्प!

म्हणजे भांडण इंग्रजी-मराठीचं नव्हतंच. पुस्तकी मराठीही या मुलांना परकीच. बाष्पीभवन म्हटलं की माना खाली जातात. तेच ओल्या फडक्यानं पाटी पुसायची आणि विचारायचं, "पाणी कुठं गेलं?" की सगळे एकदम बोलायला लागतात. वाळलं. उडालं. एकजण म्हणाला, "पाटीनं पिलं." मला हे उत्तर फार आवडतं, कारण ते चुकीचं असलं तरी तपासता येतं. मग आम्ही खिडकीच्या काचेवर तेच ओलं फडकं फिरवलं. काच काही पाणी पीत नाही, तरी थोड्या वेळानं ती कोरडी! आता तो मुलगा स्वतःच अडला, आणि मला हवा होता तो हाच क्षण. बाष्पीभवन हा शब्द त्यानंतर येतो, आणि इव्हॅपोरेशन त्याच्याही मागून. वस्तू हातात आल्यावर तिला दोन नावं असली तरी मुलांना जड जात नाही. वस्तूच नसेल तर एक नावही जड.

झाडाचंही तसंच. "झाड वाढतं ते काय खाऊन?" विचारलं की वर्ग एका सुरात सांगतो, माती. मग मी व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांगते. सतराव्या शतकातल्या या माणसानं सुमारे 90 किलो वाळवलेली माती कुंडीत घेतली, त्यात सव्वादोन किलोचं वाळुंजाचं रोप लावलं आणि 5 वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 75 किलोंच्या वर गेलं. माती किती घटली? मुलं अंदाज करतात: निम्मी, पाव. घटली ती साठ ग्रॅमहूनही कमी. त्यावरून त्यानं ठरवलं की झाड पाण्याचंच बनतं, आणि तिथं तोही फसला, कारण हवेचा त्यानं हिशोबच धरला नव्हता. एवढा मोठा माणूस अर्धा चुकला हे ऐकून मुलांना कोण आनंद होतो! ही गोष्ट मला इंग्रजीतून सांगता आली असती. पण "मग बाई, हवेला वजन असतं?" हा प्रश्न इंग्रजीतून आला नसता.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीचं काय? विज्ञान इंग्रजीतून शिकवत नाही, पण इंग्रजी मात्र मी विज्ञानासारखी शिकवते.

हाताशी अक्षरं 26 आणि उच्चार चाळीसच्या वर. तिथं घोळ होणारच. नाइफच्या आधीचा के पूर्वी खरंच बोलला जायचा, हे सांगितलं की तो मुलांना पाठ करायचा जुलूम वाटत नाही, जुनी खूण वाटते. शिवाय आमच्याकडे एक हत्यार तयारच असतं. आपली मुळाक्षरं तोंडातल्या जागेप्रमाणेच मांडलेली आहेत. क घशाजवळून निघून प ओठांवर येतो. ते हत्यार वापरायचं. गळ्यावर हात ठेवून कॅट्स म्हणा, शेवटी घसा गप्प. डॉग्ज म्हणा, शेवटी घसा थरथरतो. लिहिताना दोन्हीकडे एसच.

यातला माझा सगळ्यात लाडका प्रयोग कागदाच्या पट्टीचा. बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरायची. फ म्हटलं की उडते, प म्हटलं की जेमतेम हलते. मग इंग्रजी 'पिन' म्हणायचं. आपण म्हणतो तेव्हा पट्टी जागची हलत नाही. मी मोबाइलवर एका इंग्रज बाईचा आवाज ऐकवला आणि म्हटलं, "तसं म्हणा, पट्टी उडेपर्यंत." दहा मिनिटं नुसता गोंधळ. पट्ट्या उडायला लागल्यावर सांगितलं, आता 'स्पिन' म्हणा, तिच्यासारखंच. पट्टी पुन्हा थंड! पी तोच, पण एसच्या मागे आला की त्याचा श्वास जातो. (बोलताना असंच बोला, असा माझा हट्ट नाही. आपला साधा पिनही लोकांना कळतो. ऐकताना कान तयार असावा, एवढंच.)

चौथीतला एकजण बराच वेळ पट्टीकडे बघत होता. म्हणाला, "बाई, प आणि फ च्या मधलं आहे ना, मग पिनमध्ये पीपुढे एच का नाही लावत?"

मी म्हटलं, "पी-एचची जोडी फोनसाठी अडवून ठेवलीय."

"मग एफ कशाला ठेवलाय?"

ग्रीकांची गोष्ट उद्यावर ढकलली. घंटा झाली होती आणि तिसरीवाल्यांनी पट्ट्यांची विमानं करायला घेतली होती.