"कळवतो" म्हणायचे आणि मी वाट बघत बसायचे : नोकरी गेल्यानंतरचे नऊ महिने

नोव्हेंबर २०२२ मधे माझी नोकरी गेली. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच बघायचे मी, आठ वर्षं. ऑर्डरी कमी झाल्या, एक शिफ्ट बंद केली आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्हा चौघांना केबिनमधे बोलावून सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं, एक महिन्याचा पगार जास्तीचा देऊ म्हणाले. मी शाल, डबा आणि टेबलावरचं छोटं कॅलेंडर पिशवीत घातलं आणि स्कूटी काढली. विश्रामबागपर्यंत आले तरी डोक्यात हेच चाललेलं की सोमवारची गाडी लोड कोण करून घेणार, चलनं तर मीच बनवून ठेवलीत.

पहिला आठवडा सुट्टीसारखाच गेला खरं तर. कपाटं आवरली, मुलाच्या वह्यांना कव्हर घातली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र सकाळी आठला छातीत धडधडायला लागायचं, कारण आठला मी निघायचे ना. आवरून तयार आणि जायचं कुठं ते माहीत नाही.

आणि लोकांना काही वाटतच नव्हतं. बाई माणसाची नोकरी गेली की ती गेली असं कुणी धरतच नाही बहुतेक. "बरं झालं, आता पोराकडं लक्ष देशील", "ह्यांचा पगार आहे की, तुला काय काळजी". शेजारच्या काकूंनी तर भडंग करायला बोलावलं, आता मोकळीच आहेस म्हणून. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, माया होती, पण माझे साडेएकोणीस हजार होते महिन्याला, घरभाडं आणि मुलाची फी त्यातून जायची, आणि पैशाचं सोडलं तरी मी आठ वर्षं एक काम नीट करत होते आणि ते माझ्याकडून काढून घेतलं होतं, त्याचं दुःख करायला मला जागाच नव्हती. मग बाथरूममधे नळ सोडून रडायचे.

डिसेंबर-जानेवारीत तीन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले. एक मिरजेत, एक कुपवाडलाच, एक मार्केट यार्डात हळदीच्या व्यापाऱ्याकडं. तिन्हीकडं चांगलं बोलले आणि तिन्हीकडं शेवटी एकच, "दोन दिवसात कळवतो". नाही म्हणाले असते तर एक दिवस वाईट वाटून मी पुढं गेले असते. पण कळवतो म्हटल्यावर माणूस अडकतो. मी अंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायचे. अनोळखी नंबर आला की हात थरथरायचा, आणि लोनवाल्या पोरी असायच्या. मावशीनं साताऱ्याला चार दिवस बोलावलं तर गेले नाही, मधेच बोलावणं आलं तर? असं दीड महिना कुठं गेले नाही, काही ठरवलं नाही, मुलाचं स्नेहसंमेलन होतं तर तिथंही अर्धं लक्ष फोनकडं.

पीएफचं पण तसंच झालं. पोर्टल उघडलं तर माझी नोकरी सोडल्याची तारीखच कंपनीनं भरली नव्हती. म्हणजे कागदावर मी अजून तिथंच कामाला. बघून इतकं विचित्र वाटलं मला, मी लॅपटॉप बंदच केला. नंतर कळलं की शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिने गेले की आधारच्या ओटीपीवर ती तारीख आपली आपण भरता येते. जानेवारीच्या शेवटी भरली. बटण दाबताना हुंदका आला, पण त्या रात्री जरा झोप लागली, एक तरी गोष्ट संपली होती.

झोप हा मोठाच प्रश्न झालेला. रात्री तीनला जाग यायची आणि मग पुढं काय, पुढं काय, एवढंच. ह्यांना उठवायचं नाही कारण त्यांना सकाळी दुकान असायचं. अशाच एका रात्री मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मधेच सुरू झालेली, पैसे लागत नाहीत, रात्रीपण चालू असते, मराठीत बोलता येतं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसून बोलले. त्या ताईंनी झोप, जेवण सगळं विचारलं, जीवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हेपण सरळ विचारलं. तसे येत नव्हते. मग म्हणाल्या, तुम्हाला नक्की काय होतंय ते घरात कुणाला खरं सांगितलंय? मी गप्पच. कुणालाच नव्हतं. सगळ्यांना "बघतीय, होईल काहीतरी" एवढंच सांगत होते.

त्या रविवारी हरिपूरला माहेरी गेले. माझे अप्पा हळदीच्या पेवांवर कामाला होते, तरुणपणापासून. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, हरिपूरला जमिनीच्या पोटात हळद साठवायची खोल पेवं होती, वर्षानुवर्षं हळद राहायची त्यात. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि पेवांचं पार नुकसान झालं. मी तेव्हा कॉलेजला होते, घरात पैशाची ओढाताण झाली एवढं आठवतं, बाकी मी कधी विचारलंच नव्हतं.

मी सगळं बोलले, रडले पण. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "पूर ओसरल्यावर मी दोन महिनं रोज डबा घिऊन जायचो. तितं जाऊन नुसता बसायचो. काम परत सुरू हुईल असं बी कोण सांगंना आणि होणार न्हाई असं बी कोण सांगंना. मग घरात काय सांगू? तुझ्या आईला कामाला जातोय म्हणूनच सांगायचो."

आई आतून भाजी निवडत ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "मला ठाऊक होतं की. कापडाला हळद लागत नव्हती."

अठरा वर्षांनी. अप्पांनी तिच्याकडं बघितलं नुसतं. तिनं दोन महिने रोज त्यांचा सदरा धुतला, काही बोलली नाही, रोज डबा भरून दिला. मला त्यावेळी काय झालं ते लिहिता येत नाही. पण घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, बाथरूममधलं, फोन पिशवीत घालून नेण्याचं, रात्री तीनचं सगळं. ते म्हणाले, अगं मला वाटायचं तू विषय काढत नाहीस तर मी कशाला काढू.

मग त्यांनीच एक सुचवलं. आम्ही गावभागात राहतो, खालच्या मजल्यावर. पावसाळ्यात कोयना धरणातनं पाणी सोडलं की कृष्णा वाढते आणि सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच असतं, आयर्विन पुलाला किती फूट झालं? ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, तेव्हाचं सगळं अंगावर आहे आमच्या. पण त्यानंतर घरात ठरवूनच टाकलंय, ३८ झालं की धान्य, कागदपत्रं, गॅस वर मालकांकडं, ४२ ला आपण निघायचं, विश्रामबागला नणंदेकडं. पाणी वाढेल का नाही ते आपल्या हातात नसतं, पण रात्रभर निघू का थांबू करत बसावं लागत नाही. ह्यांचं म्हणणं, पैशाचं तसंच करू.

वहीत लिहिलं. सगळं मिळून १,१८,००० होते. ८०,००० पर्यंत आले की फक्त सांगली-मिरज न बघता इस्लामपूर, जयसिंगपूर, इचलकरंजीला पण अर्ज करायचे. ६०,००० ला पीएफ काढायचा (तेव्हाच्या नियमाने एक महिना बेकार असलं तर ७५ टक्के काढता यायचे). ४०,००० ला आले की बारा हजाराच्या वरचं मिळेल ते काम. त्याच्या आधी ह्यातलं काही डोक्यात आणायचं नाही. काळजी गेली असं नाही म्हणणार मी, पण रात्री तीनला जाग आली की मनात म्हणायचे, आज ९६ आहेत, ८० नाही झाले अजून, झोप.

इंटरव्ह्यूला पण नियम केला. पाचव्या दिवशी मी फोन करायचा, दहाव्या दिवशी वहीत त्याच्यापुढं "बंद" लिहायचं. नंतर त्यांनी बोलावलं तर बोलावलं. पहिल्यांदा फोन करायला अर्धा तास लागला मला, लाचार वाटतं असं वाटायचं. मिरजेच्या बाईंनी सांगितलं, अहो आम्ही तर महिन्यापूर्वीच घेतली एक मुलगी. वाईट वाटलंच, पण त्या दिवशी फोन घरी ठेवून मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले, गणपतीला जाऊन आले.

एक गोष्ट मात्र पगार २१,००० च्या आत असलेल्या सगळ्यांना सांगायचीय, कारण मला कुणीच सांगितली नव्हती. ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल आणि नोकरी गेली असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आहे. सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे, ९० दिवसांपर्यंत मिळतात, आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षं काम झालेलं हवं, हजेरीच्या दिवसांची अट आहे, आणि गैरवर्तनावरून काढलेलं नसावं. तीस दिवस बेकार राहिल्यावर आपणच क्लेम करायचा, कंपनीच्या सहीसाठी अडत नाही. (हे २०२२-२३ चे नियम, आता काय आहे ते ईएसआयकडं विचारून घ्या.) माझे रोजचे साधारण ६५० धरले तर ३२५ प्रमाणे २९,००० च्या आसपास झाले. ते जमा झाले म्हणून ६०,००० ची पातळी गाठायला वेळ लागला. आणि पीएफ काढायची वेळ आली तरी पेन्शनचा भाग काढू नका लगेच, दहा वर्षं भरली की पेन्शन लागू होते, माझी आठ झालेली, ती काढली असती तर परत पहिल्यापासून.

मार्चमधे त्याच हळदीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, माझ्या वहीत त्यांच्यापुढं कधीचं "बंद" लिहिलेलं. कायमचं नाही म्हणाले, सीझनपुरतं या, सौद्यांची बिलं आणि काट्याच्या नोंदी. रोजावर. मी गेले. यार्डात हळदीची धूळ नुसती हवेत असते, पहिल्या दिवशी घरी आले तर ओढणी, केसांची कड, नखं सगळं पिवळं. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, ती हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली.

ऑगस्ट २०२३ मधे मिरजेला एका हॉस्पिटलच्या औषध स्टोअरमधे लागले. सतरा हजार, म्हणजे आधीपेक्षा अडीच कमी. काम माझ्या ओळखीचं आहे, आवक-जावकच. वही अजून आहे, शेवटचा आकडा ५२,००० आहे त्यात. पीएफ ६०,००० ला काढायचा ठरलेलं तरी काढला नाही, तोवर यार्डाचे पैसे यायला लागलेले, तेव्हा आम्ही दोघांनी बसून ठरवलं की थांबू.

अनोळखी नंबर आला की पोटात गोळा येतो तो अजून गेलेला नाही. परवा स्टोअरमधे माल मोजताना आला, मी खोकी तशीच टाकून बाहेर पळाले. गॅसवाला होता, सिलेंडर खालच्या पायरीवर ठेवलाय म्हणाला.